संगणकाने मोजायचे आणि संगणकानेच चालवायचे: डेटा अक्विझिशन व नियंत्रणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेडबोर्ड, मूठभर रेझिस्टर, एक मल्टिमीटर आणि यूएसबीने संगणकाला जोडता येणारा एखादा छोटा बोर्ड एवढ्या सामग्रीवर हा विषय शिकू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे आर्डुइनो ऊनोची तिसरी आवृत्ती, म्हणजे एटीमेगा३२८पी या चिपचा बोर्ड, गृहीत धरला आहे. बोर्ड दुसरा असल्यास आकडे बदलतील, पण विचार करण्याची पद्धत तीच राहील.

डेटा अक्विझिशन म्हणजे नेमके काय?

तापमान, प्रकाश, दाब, स्थान यांसारख्या भौतिक राशीचे विद्युत राशीत रूपांतर करायचे, ती राशी मोजण्याजोगी करून घ्यायची, ठरावीक अंतराने तिचे आकड्यात रूपांतर करायचे आणि तो आकडा वेळेसह संगणकात नोंदवायचा, या साखळीला डेटा अक्विझिशन म्हणतात. सेन्सर, त्यामागचे सर्किट, ॲनालॉगचे डिजिटल करणारा परिवर्तक म्हणजे एडीसी, संगणकापर्यंतचा दुवा आणि प्रोग्रॅम हे या साखळीचे टप्पे होत. नियंत्रणात हाच प्रवास उलट दिशेने होतो: प्रोग्रॅमने घेतलेला निर्णय पिनवरच्या व्होल्टेजमध्ये उतरतो आणि ट्रान्झिस्टर किंवा रिले (विजेने चालणारा स्विच) यांच्यामार्फत पंखा, हीटर वा मोटर चालवतो.

बहुतेक नवशिके या साखळीच्या शेवटच्या टोकापासून, म्हणजे पडद्यावरच्या आलेखापासून, सुरुवात करतात. माझ्या मते ती सुरुवातच चुकीची आहे. पडद्यावरचा आकडा हा केवळ एक दावा असतो आणि त्यामागच्या प्रत्येक टप्प्यावर मल्टिमीटर लावून तो पडताळता आला, तरच त्याला मोजमाप म्हणता येते. पुढची बहुतेक उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत.

आधी काय येणे आवश्यक आहे?

ओहमचा नियम आणि दोन रेझिस्टरचा व्होल्टेज विभाजक कागदावर सोडवता यावा, एवढे पुरे. ५ व्होल्टला जोडलेल्या दोन समान रेझिस्टरच्या मधल्या बिंदूवर २.५ व्होल्ट का मिळतात आणि त्या बिंदूपासून ग्राउंडला तिसरा रेझिस्टर जोडताच तो आकडा का घसरतो, हे ज्याला समजले त्याला सेन्सरच्या निम्म्या अडचणी आधीच समजल्या आहेत. प्रोग्रॅमिंग जुजबी असले तरी चालते.

सुरुवातीला कोणता बोर्ड घ्यावा?

५ व्होल्टवर चालणारा, ज्यात एडीसी अंगभूत आहे आणि ज्याची चूक झाल्यास फार हळहळ वाटणार नाही, असा साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्यावा. ऊनोमध्ये १४ डिजिटल पिना आणि ६ ॲनालॉग इनपुट असतात. रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक असला तरी त्याच्या मुख्य बोर्डावर ॲनालॉग इनपुट नाही आणि त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांवर ५ व्होल्ट दिल्यास चिप कायमची निकामी होऊ शकते, म्हणून पहिल्या प्रयोगांसाठी मी तो सुचवत नाही.

जुन्या पुस्तकांत संगणकाच्या पॅरलल पोर्टवर, म्हणजे ३७८ या सोळा-आधारी पत्त्यावर, थेट आकडा लिहून आठ एलईडी पेटवण्याचे प्रयोग आढळतात. शिकण्यासाठी ती फार सुरेख सोय होती, कारण प्रोग्रॅमची एक ओळ आणि पिनवरचे व्होल्टेज यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नव्हते. ते पोर्ट आता संगणकांवर सहसा नसते, आणि यूएसबीला जोडलेल्या पॅरलल केबल बहुधा छपाईपुरत्याच उपयोगी पडतात. त्यांवर असे थेट लेखन चालत नाही.

पहिले सर्किट कोणते करावे?

१० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरची, म्हणजे फिरवून बदलता येणाऱ्या तीन टोकांच्या रेझिस्टरची, बाहेरची दोन टोके ५ व्होल्ट आणि ग्राउंडला जोडावीत व मधले टोक ॲनालॉग पिनला द्यावे. आता मल्टिमीटरचे काळे टोक ग्राउंडला आणि लाल टोक त्याच पिनला लावून, पोटेन्शिओमीटर वेगवेगळ्या जागी फिरवत, दहा ठिकाणी मल्टिमीटरचे वाचन आणि संगणकावर आलेला आकडा शेजारी शेजारी लिहावा. या दहा जोड्यांचा आलेख सरळ रेषेत आला पाहिजे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढे एखाद्या सेन्सरने विचित्र आकडा दाखवला तर चूक एडीसीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्या दिवशीच्या कागदावरून ठरवता येते.

आकडे ० ते १०२३ एवढेच का येतात?

या चिपचा एडीसी १० बिटांचा आहे आणि दोनचा दहावा घात १०२४ होतो. संदर्भ व्होल्टेज ५ असेल तर एक पायरी ५ भागिले १०२४, म्हणजे सुमारे ४.९ मिलिव्होल्टची असते. त्याहून लहान फरक एका वाचनात दिसत नाही.

१० बिट म्हणजे हजारात एक भाग एवढी अचूकता, असे समजावे का?

नाही. पायरी किती बारीक आहे आणि मोजमाप किती खरे आहे हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि या विषयातला सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा कितीही सुबक असल्या तरी पट्टीच आखडलेली असेल तर खुणांचा उपयोग नाही. एडीसीच्या बाबतीत ही पट्टी म्हणजे संदर्भ व्होल्टेज. वेगळे काही सांगितले नाही, तर ऊनो स्वतःच्या ५ व्होल्ट पुरवठ्यालाच संदर्भ मानतो आणि तो पुरवठा यूएसबीवरून येत असल्यास प्रत्यक्षात ४.७५ व्होल्टही असू शकतो.

याचा परिणाम एलएम३५ या तापमान सेन्सरवर पाहू. हा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे २५ अंशांना २५० मिलिव्होल्ट. संदर्भ ४.७५ व्होल्ट असेल तर एडीसी सुमारे ५४ हा आकडा देईल, आणि प्रोग्रॅमने संदर्भ ५ व्होल्ट धरून हिशेब केला तर तापमान २६.३ अंशांच्या आसपास दिसेल. त्याहून वाईट म्हणजे, त्याच बोर्डवरून एखादा रिले चालू होताच पुरवठा थोडा घसरतो आणि खोलीचे तापमान अचानक वाढल्याचे आलेखात दिसते. मी स्वतः अशा एका उडीचे कारण दोन संध्याकाळी सेन्सरमध्ये शोधत बसलो होतो, आणि ५ व्होल्टच्या पिनवर मल्टिमीटर लावला तेव्हा ते अर्ध्या मिनिटात सापडले.

यावर दोन उपाय आहेत. एलएम३५ सारख्या, पुरवठ्याशी संबंध नसलेले ठाम व्होल्टेज देणाऱ्या सेन्सरसाठी चिपमधला १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ वापरावा. मग पायरी सुमारे १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.१ अंशाच्या आसपास होते आणि पुरवठ्याच्या चढउताराचा त्रासही जातो. मात्र हा संदर्भ चिपगणिक १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कोठेही असू शकतो, त्यामुळे तो एकदा मोजून ती किंमत प्रोग्रॅममध्ये घालावी. दुसरीकडे पोटेन्शिओमीटर, एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा सेन्सर) किंवा थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) यांचा विभाजक त्याच ५ व्होल्टवरून चालवला, तर पुरवठा घसरला की सेन्सरचे व्होल्टेज आणि मोजपट्टी दोन्ही एकाच प्रमाणात घसरतात व आकडा जागचा हलत नाही. अशा सर्किटांना मुद्दाम वेगळा, स्थिर संदर्भ देणे म्हणजे असलेली सोय घालवणे होय.

काहीही न जोडलेल्या पिनवर आकडे का दिसतात?

मोकळी पिन हवेत लोंबकळणाऱ्या अँटेनासारखी असते. तिच्यावरचे आकडे निरर्थक असतात आणि हात जवळ नेला तरी बदलतात. बोर्ड बिघडलेला नाही. डिजिटल इनपुटचेही असेच होते, म्हणून बटणाला पुल-अप, म्हणजे बटण सुटे असताना पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा, रेझिस्टर लागतो. चिपच्या आत तो असतोच, प्रोग्रॅममधून फक्त चालू करावा लागतो.

तापमानासाठी एलएम३५, थर्मिस्टर आणि थर्मोकपल यांपैकी काय निवडावे?

पहिल्या प्रयोगासाठी एलएम३५ घ्यावा, कारण गणित सोपे आहे. साध्या जोडणीत तो सुमारे २ अंशांपासून १५० अंशांपर्यंत चालतो. शून्याखाली जायचे असेल तर त्याला वेगळी जोडणी लागते.

थर्मिस्टर अधिक शिकवून जातो. २५ अंशांना १० किलोओहम असणारा थर्मिस्टर १० किलोओहमच्याच रेझिस्टरसोबत विभाजकात बसवला की त्या तापमानाला पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज मिळते. तापमानाशी त्याचे नाते सरळ रेषेचे नसून लॉगरिथमचे असल्यामुळे सूत्र किंवा तक्ता वापरावा लागतो. बर्फ वितळत असलेले पाणी, खोलीतले पाणी आणि गरम पाणी अशा तीन ठिकाणी विश्वासू तापमापकाशी ताडून स्वतः तक्ता तयार करणे हा उत्तम अभ्यास आहे. फक्त थर्मिस्टरची जोडणी पाण्यापासून नीट झाकलेली असावी, नाहीतर पाण्याचाच रोध मोजला जातो.

थर्मोकपल, म्हणजे टोकाशी जोडलेल्या दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर, नवशिक्याच्या हाती देऊ नये असे माझे मत आहे. के प्रकारचा थर्मोकपल दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे १०० अंशांच्या फरकालाही केवळ ४.१ मिलिव्होल्ट. ५ व्होल्ट संदर्भावर ही एडीसीची एक पायरीसुद्धा नव्हे. शिवाय तो दोन टोकांच्या तापमानातला फरक सांगतो, त्यामुळे जोडणीकडच्या टोकाचे तापमान वेगळे मोजून मिळवावे लागते. मॅक्स३१८५५ सारखी चिप वाढ आणि ही भरपाई दोन्ही करते, पण आत काय होते हे मग दिसत नाही.

ऑप-ॲम्प केव्हा लागतो?

ऑप-ॲम्प हा व्होल्टेज वाढवणारा घटक असून तो दोन प्रसंगी लागतो. पहिला, सेन्सरचे व्होल्टेज फार लहान असते तेव्हा वाढवण्यासाठी. दुसरा, सेन्सरचा अंतर्गत रोध मोठा असतो तेव्हा केवळ आधार देण्यासाठी. दुसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. ऊनोच्या सहाही ॲनालॉग पिनांमागे एकच एडीसी आहे आणि तो प्रत्येक पिनेचे व्होल्टेज आळीपाळीने एका इवल्या कपॅसिटरवर साठवून मोजतो. जोडलेल्या सर्किटचा रोध १० किलोओहम किंवा त्याहून कमी असावा अशी चिपच्या माहितीपत्रकाची शिफारस आहे. रोध त्याहून बराच मोठा असेल तर तो कपॅसिटर वेळेत भरत नाही आणि शेजारच्या पिनेच्या आकड्याची छाया या पिनेच्या वाचनात उतरते. एकपट वाढीचा, म्हणजे व्होल्टेज तेवढेच ठेवणारा, ऑप-ॲम्प मध्ये बसवला की हा दोष जातो. बदल संथ असतील तर पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही पुरतो.

ऑप-ॲम्प निवडताना तो ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर कसा वागतो हे पाहावे. पुस्तकांतला ७४१ येथे निरुपयोगी आहे. एलएम३५८ शून्याच्या अगदी जवळ जातो, पण वर पुरवठ्याच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच थांबतो. समजा एलएम३५ चे व्होल्टेज पाचपट करण्यासाठी तो वापरला. मग ७० अंशांना आउटपुट ३.५ व्होल्टला पोहोचते आणि त्यापुढे पाणी उकळू लागले तरी पडद्यावरचे तापमान ७० वरच अडकून राहते. एमसीपी६००२ सारखा, पुरवठ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत जाणारा ऑप-ॲम्प घेतल्यास ही अडचण येत नाही.

सेकंदाला किती नमुने घ्यावेत?

मोजायच्या गोष्टीत जी सर्वांत वेगवान वारंवारता असेल तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावेत, असे नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो. आलेखाचा आकारही नीट दिसायला हवा असेल तर दहापट वेग ठेवावा. खोलीच्या तापमानाला सेकंदाला एक नमुनाही जास्तच होतो.

नियम मोडल्यास नुसती माहिती हरवत नाही, खोटी माहिती तयार होते. ५० हर्ट्झच्या लहरीचे सेकंदाला ६० नमुने घेतले तर आलेखात १० हर्ट्झची अतिशय देखणी लहर दिसते. सेकंदाला बरोबर ५० घेतले तर सपाट रेषा दिसते. ही भुताटकी नमुने घेतल्यानंतर कोणत्याही प्रोग्रॅमने काढता येत नाही, कारण आकड्यांच्या दृष्टीने ती खऱ्या लहरीपेक्षा वेगळी नसतेच. तिला एडीसीच्या अलीकडेच रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या गाळणीने अडवावे लागते. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड यांची गाळणी सुमारे १६ हर्ट्झच्या वरचे भाग दाबू लागते. तिची धार बोथट असते, त्यामुळे नमुन्यांचा वेग तिच्यापेक्षा बराच वर ठेवावा.

बोर्डच्या मर्यादेविषयी सांगायचे तर ऊनो नेहमीच्या मांडणीत एका वाचनाला सुमारे ०.१ मिलिसेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला साडेनऊ हजारांच्या घरात वाचने. पण खरी अडवणूक बहुधा दुव्यावर होते. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट, एका अक्षराला दहा) सेकंदाला फक्त ९६० अक्षरे जातात. चार अंकी आकडा आणि ओळ संपल्याची दोन चिन्हे धरली तर सेकंदाला १६० वाचने एवढीच कमाल होते. वेग ११५२०० करणे हा एका ओळीचा बदल आहे आणि तो पहिल्याच दिवशी करावा.

आकडे सारखे नाचतात. काय करावे?

प्रथम किती नाचतात ते पाहावे. एका पायरीने वरखाली होणे स्वाभाविक आहे. दहा-वीस पायऱ्या असतील तर सर्किटकडे जावे: ग्राउंडची तार सैल आहे का, सेन्सरची तार रिले किंवा मोटरच्या तारेला लागून गेली आहे का, आणि मोटरचा जाड प्रवाह सेन्सरच्याच ग्राउंड तारेतून परत येतो आहे का. शेवटचे कारण सर्वाधिक आढळते. मोटरच्या परतीची तार वेगळी नेऊन पुरवठ्याच्या तोंडाशीच ग्राउंडला जोडली की बरेचदा निम्मा गोंगाट जातो.

यानंतर सरासरीकडे वळावे. अव्यवस्थित गोंगाट नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणून १६ वाचनांची सरासरी घेतल्यास तो चौथाई उरतो. विजेच्या लाइनमधून येणारी घरघर मात्र अव्यवस्थित नसते. तिच्यासाठी सरासरीचा काळ लहरीच्या पूर्ण आवर्तनांएवढा असावा. १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची पाच आणि ६० हर्ट्झची सहा पूर्ण आवर्तने बसतात, त्यामुळे तेवढ्या काळात समान अंतराने घेतलेल्या वाचनांच्या सरासरीत दोन्ही विरून जातात. जाता जाता एक सूचना: ऊनोवर साधा पूर्णांक ३२७६७ पर्यंतच जातो. १००० च्या आसपासची ३३ वाचने त्यात मिळवली की बेरीज उलटून ऋण होते. बेरजेसाठी लांब पूर्णांक घ्यावा.

मोटर किंवा रिले थेट पिनला का जोडू नये?

कारण या चिपच्या एका पिनेची कमाल सहनमर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, आणि रोजच्या वापरात २० च्या पुढे न जाणे शहाणपणाचे आहे. एलईडीसाठी ते पुरते: लाल एलईडीवर २ व्होल्ट पडतात असे धरले तर २२० ओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे १४ मिलिअँपिअर वाहतात. पण ७० ओहमच्या गुंडाळीचा ५ व्होल्टचा रिले ७१ मिलिअँपिअर मागतो. २०२३ मध्ये आलेल्या ऊनो आर४ या बोर्डाची पिन तर ८ मिलिअँपिअरच देऊ शकते. त्यामुळे जुन्या बोर्डावर चाललेले सर्किट नव्यावर डोळे मिटून लावू नये.

मध्ये २एन२२२२ सारखा एनपीएन ट्रान्झिस्टर घालावा. त्याच्या बेसला किती रेझिस्टर लावायचा, हे येथे स्वतः काढावे. ट्रान्झिस्टर स्विच म्हणून पूर्ण उघडायचा असेल तर त्याच्या पत्रकातली प्रवाहाची शंभर-दोनशेपट वाढ गृहीत न धरता १० ते २० धरतात. ७१ भागिले १७ म्हणजे सुमारे ४.२ मिलिअँपिअर बेसला हवेत. पिनवरचे ५ वजा बेसचे ०.७ व्होल्ट, म्हणजे ४.३ व्होल्ट, १ किलोओहममधून ४.३ मिलिअँपिअर देतात. म्हणून १ किलोओहम. हा हिशेब एकदा हाताने केला की इतर भारांसाठी तोच वापरता येतो.

रिलेच्या गुंडाळीवर उलट्या दिशेने १एन४००७ डायोड असलाच पाहिजे. प्रवाह अचानक तोडला की गुंडाळी तो चालू ठेवण्याचा प्रयत्न करते आणि तिच्या टोकांवर पुरवठ्याच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळते. डायोड त्या प्रवाहाला फिरण्यासाठी वाट देतो. डायोड नसतानाही सर्किट काही दिवस चालते, आणि म्हणूनच ही चूक टिकून राहते. अनेक रिले असतील तर यूएलएन२००३ घ्यावा, कारण त्यात सात स्विच आणि त्यांचे डायोड आधीच असतात.

मॉसफेट, म्हणजे गेट नावाच्या टोकावरच्या व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर, वापरणाऱ्यांसाठी: आयआरएफझेड४४एन नावाच्या लोकप्रिय मॉसफेटला पूर्ण उघडण्यासाठी गेटवर १० व्होल्ट लागतात. ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडून तापतो. आयआरएलझेड४४एन घ्यावा. फरक एका अक्षराचा आहे.

पीडब्ल्यूएम म्हणजे ॲनालॉग आउटपुट का?

नव्हे. पीडब्ल्यूएममध्ये (पल्स विड्थ मॉड्युलेशन) पिन सेकंदाला सुमारे ४९० वेळा, काही पिनांवर ९८० वेळा, पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होते. बदलते ते चालू राहण्याचे प्रमाण, आणि त्याला २५६ पायऱ्या असतात. हीटर आणि मोटर स्वतःच संथ असल्यामुळे त्यांना सरासरीच जाणवते. खरे, स्थिर व्होल्टेज हवे असेल तर गाळणी लावावी किंवा एमसीपी४७२५ सारखा १२ बिटांचा डीएसी, म्हणजे डिजिटलचे ॲनालॉग करणारा परिवर्तक, घ्यावा.

घरातल्या विजेवर चालणारे उपकरण नियंत्रित करता येईल का?

शिकत असताना करू नये. ब्रेडबोर्डवर मेन्सचा पुरवठा कधीही, कोणत्याही कारणाने आणू नये. ऑप्टोकपलर (प्रकाशामार्फत संकेत पलीकडे देणारा घटक) आणि रिले विद्युत विलगीकरण देतात हे खरे, पण ते विलगीकरण तारांमधील अंतर, पेटी, फ्यूज आणि अर्थिंग यांच्यावर अवलंबून असते आणि त्यांपैकी काहीच ब्रेडबोर्डवर नसते. या पानातले सर्व प्रयोग १२ व्होल्ट किंवा त्याखाली होतात.

नियंत्रणाचा निर्णय संगणकाने घ्यावा की बोर्डाने?

वेळ महत्त्वाची असेल तर बोर्डाने. नेहमीची संगणक प्रणाली एकाच वेळी अनेक कामे करते, त्यामुळे १० मिलिसेकंदांनी परत येण्याचे ठरवलेला प्रोग्रॅम कधी ११ तर कधी ४० मिलिसेकंदांनी परतू शकतो. यूएसबीवरूनही माहिती गठ्ठ्यांनी येते. तापमानासारख्या संथ गोष्टीत याने बिघडत नाही, पण मोटरचा वेग सांभाळताना बिघडते. सोयीची विभागणी अशी: लक्ष्य संगणकाने द्यायचे, आलेख आणि नोंदी संगणकाने ठेवायच्या, आणि क्षणोक्षणीचा निर्णय बोर्डाने घ्यायचा.

विभागणी कोणतीही असो, केबल निसटल्यावर काय होईल याचे उत्तर प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी द्यावे. दोन सेकंद संगणकाकडून काहीच आले नाही तर बोर्डाने हीटर बंद केला पाहिजे. तसेच सेन्सरची तार तुटली तर वाचन कोणत्या बाजूला जाईल, हेही तपासावे. तार तुटल्यावर थंड दिसणारा सेन्सर हीटर कायम चालू ठेवतो.

चालू-बंद नियंत्रण पुरे आहे की पीआयडी शिकावे?

दोन्ही एकाच सर्किटवर करून पाहावे. १२ व्होल्टवर ४७ ओहमचा, ५ वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर सुमारे ३ वॉट उष्णता देतो. त्याला एलएम३५ चिकटवून बांधला आणि प्रवाह मॉसफेटने तोडता-जोडता आला की हातात मावणारी भट्टी तयार होते. रेझिस्टरला बोट लावू नये, तो चांगलाच तापतो.

लक्ष्य ५० अंश ठेवून चालू-बंद नियंत्रण लावले तर दोन गोष्टी दिसतात. सीमेवर मॉसफेट अतिवेगाने फडफडतो, म्हणून ४९ ला चालू आणि ५१ ला बंद असा पट्टा ठेवावा लागतो. आणि तरीही तापमान ५१ वर थांबत नाही, कारण बंद केल्यानंतरही रेझिस्टरच्या पोटातली उष्णता बाहेर येत राहते. हा उशीर आलेखात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पीआयडीचे सूत्र हाती घेऊ नये.

पीआयडीत (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह) आताची चूक, साठत आलेली चूक आणि चुकीच्या बदलाचा वेग या तिन्हींना वजन देऊन पीडब्ल्यूएमचे प्रमाण ठरवतात. फक्त पहिला भाग ठेवल्यास तापमान लक्ष्याच्या थोडे खाली स्थिरावते, कारण चूक शून्य झाली तर हीटरच बंद होईल. दुसरा भाग ती उणीव भरून काढतो. वजने ठरवण्यासाठी झीग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलेली कृती आजही वापरतात: बाकीचे दोन भाग बंद ठेवून पहिले वजन एकसारखी लहर उठेपर्यंत वाढवावे, ते वजन आणि लहरीचा काळ नोंदवावा, मग पहिले वजन त्याच्या ०.६ पट, साठवणीचा काळ लहरीच्या निम्मा आणि वेगाचा काळ आठवा भाग घ्यावा. या कृतीने येणारे नियंत्रण जरा उतावळे असते आणि लक्ष्य ओलांडते, म्हणून ते पुढे हाताने मवाळ करावे. हीटर पूर्ण क्षमतेने चालू असताना चुकीची साठवण थांबवायला विसरू नये. ती साठत राहिली तर लक्ष्य गाठल्यानंतरही बराच वेळ हीटर चालू राहतो.

कोणती भाषा वापरावी?

संगणकाच्या बाजूने पायथन पुरेशी आहे. तिच्या लायब्ररींपैकी पायसिरियल बोर्डाकडून वाचन करते आणि मॅटप्लॉटलिब आलेख काढते. लॅबव्ह्यू ही आकृत्या जोडून लिहायची भाषा १९८६ पासून प्रयोगशाळांत रुजलेली आहे आणि तेथे काम करायचे असल्यास शिकावे. एक खाचखळगा येथे नोंदवतो: संगणकाने पोर्ट उघडले की ऊनो नव्याने सुरू होतो. दोन सेकंद थांबून मगच वाचायला लागावे, नाहीतर पहिल्या काही ओळी हरवतात किंवा अर्धवट येतात.

नोंदी कशा ठेवाव्यात?

साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, प्रत्येक ओळीत वेळ, एडीसीचा मूळ आकडा आणि रूपांतरित किंमत अशा तिन्ही गोष्टी ठेवाव्यात. मूळ आकडा असेल तर उद्या संदर्भ व्होल्टेज चुकीचे धरल्याचे कळले तरी जुने मोजमाप सुधारता येते. वेळ संगणकाच्या घड्याळाची घ्यावी. ऊनोचे ठोके सिरॅमिक रेझोनेटरवर चालतात, त्यात अर्धा टक्का चूक असली तरी दिवसाला सुमारे सात मिनिटांचा फरक पडतो. शिवाय त्याचा मिलिसेकंदांचा मोजक ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो.

सेन्सर बराच दूर असेल तर?

व्होल्टेज लांब तारेवरून पाठवू नये. उद्योगांत ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह पाठवतात. तो तारेच्या रोधाने बदलत नाही, दुसऱ्या टोकाला २५० ओहमवर त्याचे १ ते ५ व्होल्ट होतात आणि तार तुटली की प्रवाह ४ ऐवजी शून्य दिसतो, म्हणजे बिघाड आणि किमान वाचन यांत गल्लत होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे सेन्सरजवळच आकडा करून तो आरएस-४८५ या लांब पल्ल्याच्या सिरियल जोडणीवर पाठवणे. कमी वेगाला ते १२०० मीटरपर्यंत जाते.

सिम्युलेटरवर शिकले तर चालेल का?

जोडणीचा सराव आणि प्रोग्रॅमच्या चुका शोधणे यांसाठी चालेल. पण सिम्युलेटरमध्ये पुरवठा घसरत नाही आणि ग्राउंडची तार सैल होत नाही, म्हणजे या पानातले निम्मे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत.

सर्किट चालत नाही. शोध कोठून सुरू करावा?

पुरवठ्यापासून. मल्टिमीटरचे काळे टोक ग्राउंडला लावून ५ व्होल्टची पिन, मग सेन्सरची पुरवठ्याची पिन, मग सेन्सरचे आउटपुट आणि शेवटी बोर्डची ॲनालॉग पिन या क्रमाने व्होल्टेज लिहावे. शेवटच्या दोन आकड्यांत फरक असेल तर मधली तार किंवा ब्रेडबोर्डचे भोक दोषी आहे. लांब ब्रेडबोर्डवर बाजूची पुरवठ्याची पट्टी अनेकदा मध्यावर तुटलेली असते, हेही येथेच उघडकीस येते. चारही व्होल्टेज बरोबर असून पडद्यावरचा आकडा चुकीचा असेल तर सेन्सर काढून त्याच पिनवर पोटेन्शिओमीटर लावावा आणि पहिल्या प्रयोगाच्या दहा जोड्यांचा कागद समोर घ्यावा. आकडे त्या कागदाशी जुळले तर एडीसी शाबूत आहे आणि चूक प्रोग्रॅममधल्या रूपांतराच्या ओळीत आहे. जुळले नाहीत, तर संदर्भ व्होल्टेज बदललेले आहे किंवा ती पिन कधीतरी जळालेली आहे. तेच पोटेन्शिओमीटर शेजारच्या पिनला लावले की या दोहोंपैकी कोणते हे लगेच कळते.